चित्ररथ मिरवणुकीच्या रात्रीची चोरी: लघुपटात प्रेक्षकाचा श्वास अडकत नाही, कुठं चुकतंय?

टिळकवाडी_दुसरं_गेट

नमस्कार मंडळी. बेळगावातच घडणारा २५ मिनिटांचा लघुपट लिहितोय. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक चालू असते. त्या रात्री पाच जण गल्लीतलं एक सराफी दुकान वरच्या माडीची जमीन फोडून लुटतात. फोडकामाचा आवाज ढोल-ताशात दडतो. राखणदाराला बांधून ठेवतात. १५ किलो दागिने दोन मोठ्या पिशव्यांत भरून गाडीत टाकतात आणि हायवेनं निपाणी, कोगनोळी करत महाराष्ट्रात शिरतात. हद्द ओलांडली की पोलिसांचा पाठलाग संपतो. मग कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळात वाटणीवरून भांडण, आणि शेवट.

वाचन झालं. मिरवणूक सगळ्यांना आवडली, चोरीत मात्र कुणी गुंतलं नाही. आठ पानं चोरी आहे आणि आठही पानं पात्रं बोलत असतात: हे धर, ते काढ, लवकर कर. चांगल्या चोरीपटात असं काय असतं की आपण चोराच्या बाजूनं घाम पुसायला लागतो? कॅमेरा एक, रात्री तीन आणि पैसा बेताचाच. त्या मापात सांगा.


काटा_तोळा

'दोन मोठ्या पिशव्या' इथंच गळती आहे बघा. सोन्याची घनता १९.३. म्हणजे १५ किलो शुद्ध सोनं पाऊण लिटरच्या जरा वर. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत मावून वर जागा उरेल. दागिने पोकळ असतात, त्यांत खडे असतात, म्हणून ते जास्त जागा खातात, पण ट्रे बाजूला टाकून नुसते दागिने ओतले तर शाळेच्या दप्तरात बसतात. ट्रेसकट उचलले तर दोन पोती होतात.

आता याचा प्रसंग करा. भोक १५ इंची आहे, ट्रे १८ इंची. ट्रेसकट उचलणं झटपट होतं, पण सपाट धरलेला ट्रे भोकातून वर जात नाही. ओतायचं म्हटलं तर एकेक ट्रे उलटा करायला वेळ लागतो आणि दागिन्यांचा खळखळाट होतो. तुमच्या पात्रांपुढं आठ पानांत अशी एकही निवड नाही. भोक केवढं, ट्रे केवढा, हातात मिनिटं किती, हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे. मग तो मनातल्या मनात तुमच्या पात्राच्या आधी हिशेब करतो आणि तिथंच अडकतो. 'लवकर कर' म्हटल्यानं कुणाला घाई वाटत नाही. एका ट्रेला वीस सेकंद, ट्रे चाळीस, आणि बाहेरचा चित्ररथ दहा मिनिटांत पुढं सरकणार, हे दाखवलंत की हिशेब जमत नाही हे प्रेक्षकालाच दिसतं. तेरा मिनिटांचं काम दहा मिनिटांत बसवायचं आहे.

वजनाचा अभिनयही महत्त्वाचा. १५ किलोचं दप्तर पाठीवर झुलत नाही, पट्टे खांद्यात रुततात, आणि उचलणारा आधी गुडघ्यात वाकतो. रिकाम्या दप्तरात कापूस भरून हे जमत नाही. किराणा दुकानातली लोखंडी ५ किलोची तीन वजनं गोणपाटात गुंडाळून घाला. लोखंडाची घनता ७ ते ८ च्या दरम्यान, त्यामुळं आकारही दोन लिटरच्या आसपासच राहतो. वाळू घातलीत तर नऊ-दहा लिटरचा फुगवटा दिसेल.

सोन्याऐवजी रोकड करावी असं वाटलं तर आधी हे गणित बघा. ५०० च्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, २०० बंडलं, वीस किलोच्या वर वजन. दहा कोटी म्हणजे दोन क्विंटल. सिनेमात लोक ते एका ब्रीफकेसमधून नेतात! काळही तपासा: ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीची गोष्ट असेल तर १००० ची नोट चालेल आणि ५०० ची नोट आकारानं मोठी लागेल. शिवाय हुबेहूब नोटा छापून घेणं हा गुन्हा आहे, लघुपटासाठी असलं तरी.


तर्री_आणि_झांज

आवाजाचं मी सांगतो. तुमच्या गोष्टीचा पाया आवाज आहे आणि तोच पाया सध्या कच्चा आहे.

ज्यूल्स दासँचा 'रिफिफी' (१९५५) बघा. त्यातली चोरी अर्धा तास चालते. त्यात एक वाक्य नाही, संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं त्या प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. दासँनं त्याला प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोन्ही तऱ्हांनी दाखवला आणि संगीताशिवायचा ऑरिकलाही पटला. तिथंही वरच्या घरातून जमीन फोडतात. छोट्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पडणारा चुना-माती छत्रीत झेलली जाते. ही छत्री तुम्ही घेऊ नका, ओळखू येईल. पण तुमच्या जुन्या माडीची जमीन लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा थर अशी असेल तर माती पडणारच, आणि तिचं काय करायचं याचं उत्तर पात्रांकडं असलंच पाहिजे. घरातली गोधडी चार कोपऱ्यांना सुतळीनं बांधून झोळी केली तरी पुरे.

आता ढोल-ताशा. 'आवाजात आवाज दडतो' हे ढोबळमानानं खरं असलं तरी कुठल्या आवाजात कुठला दडतो हे महत्त्वाचं. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीतला असतो, तो भिंतीतून आत येतो. ताशाची तर्री आणि झांज वरच्या पट्टीतली, ती बंद शटरला अडते. छिन्नीवर हातोडा पडला की निघणारी खणखण कानाला सगळ्यांत तीव्र लागणाऱ्या पट्टीत असते, साधारण २ ते ५ हजार हर्ट्‌झ. बाहेर उभ्या माणसासाठी ती ढोलानं पुरती झाकत नाही, ताशा आणि झांजेनं झाकते. म्हणून तुमच्या टोळीत एक कान तयार असलेलं पात्र ठेवा, जे म्हणेल, 'ढोलावर मारू नको, ताशा उठला की मार.' टोळीतला माणूस या मातीतला आहे आणि त्याला त्याचं काम येतं, हे या एका वाक्यात कळतं. बाकीची चोरी मुकी ठेवा.

ध्वनिमिश्रणात दुकानाच्या आतून ऐकू येणारी मिरवणूक चार-पाचशे हर्ट्‌झच्या वर कापून टाका, नुसता दण् दण् राहू दे. शटर चार इंच वर झालं की त्याच क्षणी झांज आणि आरोळ्या आत घुसू द्या. एकाही शब्दाशिवाय प्रेक्षक दचकतो. आणि सगळ्यांत मोठी भीती गोंगाटाची न्हवंच, तो थांबण्याची आहे. दोन चित्ररथांमध्ये अंतर पडतं, सजीव देखावा सुरू झाला की पथक थांबतं, डॉल्बी बंद होतो. हातोडा वर उचललेला आहे आणि अचानक शांतता! तुमच्याकडं हा क्षण फुकट आहे आणि आठ पानांत तो कुठंच नाही.

ध्वनिमुद्रणासाठी: मिरवणुकीत चित्रीकरण करताना मिळणारा आवाज नुसता खूण म्हणून वापरा. ढोल, ताशा, झांज प्रत्येकी तीन-चार मिनिटं वेगळे मुद्रित करा. बंद खोलीची शांतता किमान एक मिनिट घ्या. गोधडीवर पडणारी माती, कुलपाची कडी, दागिन्यांची खळखळ हे सगळं कॅमेऱ्याशिवाय, माईक एका फुटावर धरून.


केए२२_ते_एमएच०९

संहितेतला हद्दीचा मुद्दा चुकीचा आहे, तो आधी काढा. हद्द ओलांडली की पोलिस थांबतात हे खरं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८ नुसार वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या आरोपीचा पाठलाग पोलिस भारतात कुठंही करू शकतात. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. आपल्या भागातला प्रेक्षक रोज हद्दीच्या दोन्हीकडं ये-जा करतो, त्याला हे पटणार नाही. गाडीच्या पुढं फोन पोचतो आणि कागलला नाकाबंदी लागते.

दुसरं, हायवे घेताय म्हणजे हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके येतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी किती वाजता कुठं होती हे दोन ठिकाणी लिहून ठेवलं जातं. हुशार टोळी असं करणार नाही. वेंगुर्ला रस्त्यानं बाचीपर्यंत गेलं की पुढं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. बेळगावपासून तासाभराचाही रस्ता नाही आणि मध्ये टोल नाही. तुमच्या बजेटलाही हेच सोपं: हायवेवर रात्री चित्रीकरण करायचं म्हणजे परवानगी, दिवे, धोका.

तिसरी गोष्ट टोळीच्या संख्येची, आणि तुमच्या पटकथेला सगळ्यांत जास्त उपयोग हिचाच आहे. रात्री रिकाम्या दुकानात शिरून माल नेला तर ती घरफोडी आणि चोरी. माल नेण्यासाठी राखणदाराला दोरीनं बांधलं की ती जबरी चोरी. आणि करणारे पाच किंवा जास्त असतील तर तो दरोडा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१०. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. त्यात एकानं खून केला तर पाचही जणांना फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकते, खून दुसऱ्याच्या हातून झाला असला तरी. 'दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद' असा मथळा आपण पेपरात वाचतो, कारण नुसती तयारी हाही वेगळा गुन्हा आहे.

मग राखणदाराचा प्रसंग नव्यानं बघा की. टोळीतला एक जण आधी जेलात जाऊन आलेला आहे, त्याला हा फरक माहीत आहे. चौघं असतो तर वेगळं, पाच आहोत. राखणदार अनपेक्षितपणे परत आला. दोरी काढायची की खोकल्याचा आवाजही न करता दहा मिनिटं अंधारात उभं राहायचं? तुमच्या संहितेत राखणदाराला बांधणं अर्ध्या पानात उरकलंय. खरं तर सगळ्या चित्रपटाचं दार तिथंच आहे.

भाषेचंही एक. राखणदाराला कन्नडच बोलू द्या, आपल्या भागातली, 'यार री अदु' (कोण हो ते) अशी. टोळीतल्या एकालाच नीट कन्नड येत असेल तर दाराबाहेरून आलेल्या हाकेला उत्तर कोण देणार हा प्रश्न आपोआप उभा राहतो. खाली मराठी अक्षरं लावू नका. बेळगावच्या प्रेक्षकाला कळेल, आणि पुण्याच्या प्रेक्षकाला कळलं नाही तरी त्याला टोळीतल्या बाकीच्यांसारखंच अडकल्यासारखं वाटेल.


टिळकवाडी_दुसरं_गेट

डोळे उघडले. हद्दीचा मुद्दा काढून टाकतोय. दोन शंका. एक, योजना प्रेक्षकाला आधी सांगावी की नाही? माझ्या संहितेत दुसऱ्या पानावर नकाशा पसरून सगळी योजना सांगितली आहे. दोन, आठ पानांतले संवाद काढले तर दीडच पान उरतंय. लघुपट छोटा नाही का होणार?


तीनशे_कट

होणार नाही. एक पान म्हणजे एक मिनिट हा अंदाज संवादांच्या पानाला लागू पडतो. मुक्या कामाचं दीड पान सहज सात-आठ मिनिटं चालतं. पानं मोजू नका, कामं मोजा. प्रत्येक कामाची ओळ वेगळी लिहा: फळी उचलली, माती झोळीत, दोर सोडला, पाय काचेच्या कपाटाला लागला. प्रत्येक ओळीला सेकंद लिहून बेरीज करा.

योजनेबद्दल जुना नियम असा की जी योजना आधी सांगितली ती बिघडली पाहिजे, आणि जी यशस्वी होणार ती सांगू नये. कारण सरळ आहे: सांगितलेलीच गोष्ट जशीच्या तशी घडली तर तीच दुसऱ्यांदा बघायला लागते. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय, म्हणून 'होणारच आहे' असं वाटतं. पण काहीच न सांगणं हा उपाय मला पटत नाही. वर काटा_तोळा म्हणतात तसा हिशेब प्रेक्षकानं करावा असं वाटत असेल तर त्याला आकडे आधी द्यावेच लागतील. अडथळे सगळे सांगा, उपाय एकही सांगू नका. भोक १५ इंची, राखणदार दर अर्ध्या तासानं गल्लीच्या तोंडापर्यंत चहाला जातो, मिरवणूक पहाटेपर्यंत गल्लीबाहेर गाडी निघू देणार नाही. हे शेवटचं तुम्ही विसरलात की! ज्या गर्दीनं आवाज झाकला तीच गर्दी वाट अडवते. रस्ते बंद, जागोजागी बंदोबस्त. गाडी आणायची कुठून? दप्तर पाठीला लावून, फेटा बांधून, माणूस मिरवणुकीत नाचत बाहेर पडला तर? १५ किलो पाठीवर घेऊन नाचायचंय. त्याच्या चेहऱ्यावरच कॅमेरा ठेवा, एकच लांब शॉट, दोन मिनिटं.

पैसा फारच कमी असेल तर चोरी न दाखवण्याचीही वाट आहे. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' (१९९२) मध्ये दागिन्यांची लूट पडद्यावर येतच नाही, आधीचं आणि नंतरचं दिसतं. पण तुमच्याकडं ताशा आणि माडी असताना मी ती वाट घेणार नाही. आपल्या बाजूला अनेकांनी बघितलेला कन्नड 'निष्कर्ष' (१९९३) हाही बँकेच्या लुटीचा चित्रपट, आणि त्याचा बराचसा भाग एकाच इमारतीत घडतो. जागा कमी असली की प्रेक्षकाला जिना, दार, खिडकी पाठ होते, आणि मग कुठून कोण येईल याची भीती वाटते. तुम्हीही माडी, दुकान, जिना आणि गल्लीचं तोंड या चार जागांबाहेर जाऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत चारही जागा एकाच न तुटणाऱ्या शॉटमध्ये जोडून दाखवा.

तांत्रिक बाब: चित्ररथांवर एलईडी दिवे असतात, दुकानात ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण करा आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतील. काही रोषणाई तरीही लुकलुकते, आदल्या दिवशी मांडवात जाऊन दहा सेकंद तपासून घ्या. हातोड्याचे कट तालावर घेताना प्रत्येक ठोक्यावर कापू नका. पहिले चार तालावर, पाचवा अर्धा ठोका उशिरा. तो उशीर पोटात जाणवतो.


काटा_तोळा

वाटणीबद्दल राहिलं होतं. गुऱ्हाळ चांगलं निवडलंत. वैशाखात हंगाम संपलेला असतो, काईल पालथी घातलेली, आसपास माणूस नाही. पण संहितेत एक जण म्हणतो 'चुलवाणातच सोनं आटवू', ते काढा. गूळ १२० अंशांच्या आतच उतरतो, सोनं वितळायला १०६४ अंश लागतात.

भांडण 'मला जास्त पाहिजे' यावरून नको. काट्यावरून करा. १५ किलो हे खडे, लाख, दोरे धरून एकूण वजन आहे. ते सगळं निघाल्यावर घट येते. पुढं, सगळं २२ कॅरेटचं आणि १५ किलो निव्वळ धरलं तरी त्यात शुद्ध सोनं ९१.६ टक्के, म्हणजे १३ किलो ७४० ग्रॅम. सव्वा किलो गेलं कुठं? कुणीच चोरलेलं नाही, पण हे गणित टोळीत एकालाच कळतं आणि बाकीच्यांचा त्याच्यावरच संशय. त्यात टोळीतला म्हातारा तोळा ११.६६ ग्रॅमचा धरतो आणि पोरगा १० ग्रॅमचा. एकाच ढिगाचे म्हातारा १२८६ तोळे सांगतो, पोरगा १५००. दोघंही खरं बोलतायत.

शिवाय आता दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. त्यामुळं माल तसाच खपवणं अवघड, आधी आटवावाच लागणार. म्हणजे टोळीला गलाईवाला लागणार. सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर पसरलेले आहेत, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तसं एक पात्र घ्या, पण त्याला चोर करू नका. दारात आलेला माल बघून त्यानं नुसतं काटा उचलून आत ठेवला तरी प्रसंग उभा राहील.


लोंढा_पॅसेंजर

गलाईवाल्याचा मुद्दा वाचून सुचलं. खानापूर दोन आहेत. एक आपलं, बेळगावहून २६ किलोमीटरवर, लोंढ्याच्या वाटेवर. दुसरं सांगली जिल्ह्यातलं, विट्याकडचं.

टोळीनं ठरवलंय की टॉवरवर नोंद राहते म्हणून त्या रात्री कुणाकडंही फोन नसेल. पांगायचं आणि सकाळी अकराला 'खानापूर स्टँडवर' भेटायचं. म्होरक्याच्या डोक्यात गलाईवाल्याचं गाव आहे. ज्याच्या पाठीवर दप्तर आहे तो बेळगावच्या बाहेर फारसा न गेलेला पोरगा आहे, त्याच्यासाठी खानापूर एकच. चौघं दोनशे किलोमीटरवर वाट बघतायत, पोरगा सव्वीस किलोमीटरवर. फोन नाही. चौघांची खात्री होते की पोरानं धोका दिला. पोराला वाटतं, ते पकडले गेले. कुणीही बेइमान नाही आणि तरी टोळी मोडते. पाठलाग नको, हायवे नको, पिस्तूलही नको.


तीनशे_कट

हे घ्याच. मात्र नीट पेरा. योजनेच्या प्रसंगात 'खानापूर' हा शब्द एकदाच आणि घाईत यावा, त्या क्षणी प्रेक्षकाचं लक्ष भोकाच्या मापावर असावं. त्याआधी पोरगा स्टँडवर उभा असताना मागून खानापूरची बस जाऊ द्या, कन्नड पाटीची, फोकसबाहेर. कंडक्टरची हाक मात्र स्वच्छ ऐकू आली पाहिजे.


टिळकवाडी_दुसरं_गेट

गुऱ्हाळ कापलं. शेवटचा प्रसंग आता खानापूर स्टँडचा, दुपारी एकचा. मग वाटणीच्या भांडणाऐवजी काट्याचं गणित कुठं बसवू?


काटा_तोळा

म्हातारा आणि पोरगा दोघं चोरीच्या आदल्या रात्री, माडीवर, फरशीवर खडूनं आकडे मांडताना. १२८६ आणि १५००, शेजारी शेजारी. तिथंच दिसेल की एकच शब्द दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आहेत. आकडे पुसू नका, सकाळी पोलिसांना तिथंच सापडू द्यात.